जॉर्जियाची पोरं आणि आमची गुलाबाई

2024 च्या 16 नोव्हेंबरची रात्र. शनिवार होता, दिवसभर विधानसभेच्या प्रचाराचे भोंगे ऐकून डोकं उठलेलं, त्यात मळ्यात भरीत पार्टी करून आम्ही सगळे उशिरा अमळनेरला घरी आलो, हाताला अजून पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) धुराचा वास, आणि माझी दहा वर्षांची भाची काही केल्या झोपायला तयार नाही. तिला मोबाईलवर ज्युनिअर युरोव्हिजन बघायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही युरोपातली लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा आहे, 2003 ला कोपनहेगनमध्ये सुरू झाली. एकेक देश आपली पोरं पाठवतो, 9 ते 14 वयाची, आणि ती नवं कोरं गाणं गातात, कुणाचं जुनं हिट उचलायचं नाही. गाण्याचा जास्त भाग आपल्या देशाच्या भाषेत पाहिजे असा नियमच आहे. यूट्यूबवर लाइव्ह दिसतं आणि ऑनलाइन मत कुठूनही देता येतं, फक्त कमीत कमी तीन देश निवडावे लागतात. म्हणजे अमळनेरहून पण देता येतं!

त्या वेळी माद्रिदला होती, 17 देश. जॉर्जियाचा आंद्रिया पुत्कराद्झे आला, आईसाठीचं गाणं घेऊन. काय आवाज होता त्या पोराचा! ताई कपड्यांच्या घड्या घालत होती, हातातला टॉवेल तसाच राहिला. भाची मला म्हणे, "मामा, मी त्याले मत दिसू." दिलं, आणि तोच जिंकला, मग तर मध्यरात्री घरात नुसता आरडाओरडा.

दुसऱ्या दिवशी मी जॉर्जियाबद्दल वाचायला बसलो आणि वाचतच राहिलो. हा त्यांचा चौथा विजय, आधी 2008, 2011, 2016. आणि लोकसंख्या किती, तर 40 लाखांच्या आत. आपला एकटा जळगाव जिल्हा 2011 च्या जनगणनेत 42 लाखांचा आहे, धुळे-नंदुरबार तर अजून धरलेच नाहीत. माल्टा तर त्याहून कितीतरी लहान, त्यांनीही दोनदा जिंकलंय, 2013 आणि 2015.

पण मला जास्त लागलं ते 2008 चं. ऑगस्टमध्ये जॉर्जियाचं रशियाशी युद्ध झालं, रणगाडे देशात शिरले होते, आणि नोव्हेंबरात सायप्रसच्या लिमासोलला त्यांची तीन पोरं मधमाशीसारखे काळे-पिवळे कपडे घालून स्टेजवर उभी राहिली, गाण्यात शब्द असे नाहीतच, सगळी गुणगुण, आणि जिंकून परत गेली. मी तो व्हिडिओ बघताना खरंच रडलो. ज्या घरांनी तीन महिन्यांपूर्वी बॉम्ब ऐकले त्यांनी त्या रात्री काय ऐकलं असेल!

आणि हे नशिबाने होत नाही हो. त्यांच्याकडे रानिना नावाचा टीव्हीवरचा कार्यक्रम आहे, त्यात मुलं आठवडेच्या आठवडे वेगवेगळ्या प्रकारची गाणी गातात आणि त्यातूनच स्पर्धेला जाणारं पोर निघतं. त्यात त्यांची भाषा वेगळी, लिपी स्वतःची 33 अक्षरांची, आणि तीन-तीन आवाजांत एकत्र गायची परंपरा इतकी जुनी की 1977 ला व्हॉयेजर यानातून अवकाशात जी तबकडी पाठवली तिच्यावर त्यांचं एक लोकगीत आहे. (त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर पण आहेत, हे वाचून अंगावर काटा आला.) 2016 ला मरियम ममादाश्विलीने माल्टात 'म्झेओ' गायलं, म्हणजे 'हे सूर्या', ते पूर्ण जॉर्जियनमध्ये. जगाला समजेल का ही काळजी केलीच नाही त्यांनी.

हे सगळं मी भाचीला सांगत होतो तेव्हा ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "मामा, मंग माले मॅडम अहिरानी गानं का बरं म्हनू देतीस नही?"

मला तोवर माहीतच नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला तिने आजीकडून शिकलेलं गुलाबाईचं, म्हणजे आमच्याकडच्या पोरींच्या सणाचं, गाणं म्हणते सांगितलं होतं तर तिला सांगण्यात आलं की हे गावठी वाटतं, एखादं हिंदी घे. तिने घेतलं, छान म्हटलं, टाळ्या पण पडल्या. पण घरी कुणाला बोलली नाही, दहा वर्षांची पोर. 2011 च्या जनगणनेत खान्देशी (आमची अहिराणी त्यातच मोजतात) बोलणारे 18 लाखांच्या वर मोजलेत, आणि त्यातल्या एका पोरीला तिच्या आजीचं गाणं स्टेजवर चालत नाही असं सांगितलं जातं, मला याचा खूप राग आला आणि अजून आहे.

2025 ची स्पर्धा जॉर्जियातच, तिबिलिसीला, 13 डिसेंबरला. पुन्हा शनिवार, मळ्यात पुन्हा भरीत, वांगी सांगून ठेवलीत. आणि त्यानंतर शाळेचं गॅदरिंग. भाची आता सहावीत आहे, तिने गाणं ठरवलंय, गुलाबाईचंच, आणि मॅडमना भेटायला या वेळी मी आणि ताई दोघं जाणार आहोत. आईने सहा कडवी वहीत लिहून दिली, सातवं काही केल्या आठवत नाहीये तिला. चोपड्याच्या मोठ्या आत्याला येत असेल म्हणते, रविवारी वही घेऊन तिकडेच निघालोय.