माझा अनुभव: केमोआधीचे चार दिवस

पोरीच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी होती. दीड वर्ष आम्ही तिकडे पाहिलंही नव्हतं.

आई तिला तेल लावत होती, उजव्या बरगडीखाली गोळा हाताला लागला. सोनोग्राफी, सीटी, रक्तात एएफपी (यकृताच्या अशा गाठीत वाढणारं प्रथिन) दोन लाखांवर. सोलापुरातल्या डॉक्टरांनी हेपॅटोब्लास्टोमा असं नाव सांगितलं आणि परळला टाटाला जायला सांगितलं. लहान मुलांत यकृताचा हाच कॅन्सर जास्त दिसतो, बहुतेक तीन वर्षांच्या आतल्यांत.

तिथं सगळं भराभर झालं. अडलं रेशनकार्डावर. जनआरोग्य योजनेसाठी कार्डावर तिचं नाव हवं, त्यासाठी जन्मदाखला, आणि दाखल्यात नाव नाही! दोघींना मुंबईत ठेवून मी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सोलापूरला परत.

पहिल्या दिवशी खिडकीवर अर्ज, प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. चौथ्या दिवशी माझ्या आधारवरचं स्पेलिंग जुळेना.

"पुढच्या सोमवारी या."

"सोमवारी तिची केमो आहे हो."

"मग मंगळवारी या."

मी सीटीची फिल्म त्यांच्या टेबलावर आपटली. शोभलं नाही, पण आपटली. बाहेर शिपाईमामांनी बाजूला घेतलं. "दवाखान्याचं पत्र जोडलं का? वर 'तातडीचं' लिहा." पत्र चारही दिवस माझ्याच पिशवीत होतं. संध्याकाळी दाखला हातात, कार्डावर नाव दोन दिवसांत. पहिल्या केमोचे पैसे मात्र मालकाकडून उचल घेऊनच भरले.

दर पंधरवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, चार वेळा. गाठ आक्रसली, मग ऑपरेशन, नंतर आणखी दोन केमो. यकृताचा मोठा तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, उरलेलं वाढून जागा भरतं. आजार पसरलेला नसेल आणि गाठ पूर्ण निघाली, तर बहुतेक मुलं बरी होतात. आमचं एएफपी आता ४ आहे, म्हणजे नॉर्मल.

सिस्प्लॅटिननं कानाला इजा होते, म्हणून सुरू होण्याआधीच ऐकण्याची तपासणी करून घ्या. आजार पसरलेला नसेल तर सोडियम थायोसल्फेटबद्दल विचारा. ते सिस्प्लॅटिन संपल्यावर ६ तासांनी देतात, त्यानं कान वाचायला मदत होते.

आणि हो, रेल्वेचा सवलतीचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घ्या. स्लीपरला सोबतच्या माणसालाही ७५ टक्के सूट असते. आम्हाला हे तिसऱ्या फेरीनंतर कळलं.