पिशवीतलं डिस्चार्ज कार्ड

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला माझा दवाखाना आहे. इथला पेशंट मोठ्या उपचाराला कुठे जाईल सांगता येत नाही. कुणी बेळगावला, कुणी मिरज-कोल्हापूरला, तर कुणी चोर्ला घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात. परत मात्र सगळे इथंच येतात. तिकडच्या डॉक्टरांनी काय केलं हे मला कळायचा मार्ग बहुतेक वेळा एकच असतो, पेशंटच्या हातातली पिशवी.

त्या दिवशी आलेले काका पन्नाशीचे, वीटभट्टीवर काम करणारे. "डॉक्टर, लघवीला जळजळ होऊलालीया. मधेच लाल जाते." डावी कूस सारखी जड वाटत होती. वर्षभरात वेगवेगळ्या ठिकाणी अँटिबायोटिकचे कोर्स झाले होते. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, संपल्या की पुन्हा तेच. या तक्रारीसाठी माझ्याकडे ते पहिल्यांदाच येत होते.

पुरुषाला लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होत असेल तर बहुतेक वेळा आत काहीतरी कारण दडलेलं असतं. खोदून विचारल्यावर म्हणाले, "मुतखडा काढलाय की, दीड वरीस झालं. खडा गेला, विषय संपला." कागद? ते घरी माळ्यावर. दुपारच्या गाडीनं त्यांच्या घरच्या मावशी पिशवी घेऊन आल्या.

तपासायच्या टेबलावर सगळं पसरलं. बिलं, औषधांच्या पावत्या, रक्ताचे रिपोर्ट, उकाड्यानं एकमेकांना चिकटलेल्या सोनोग्राफीच्या फिल्मा आणि त्यांच्या मधोमध दोन पानांचं डिस्चार्ज कार्ड, अर्थात इंग्रजीतलं. पहिल्या पानावर दुर्बिणीतून खडा काढल्याची नोंद. दुसऱ्या पानावर गोळ्यांची यादी, खाली आहाराच्या छापील सूचना, आणि त्याच्याही खाली, शिक्क्याच्या शाईत अर्धी बुडालेली एक ओळ : डीजे स्टेंट चार आठवड्यांनी काढणे.

खडा काढल्यावर मूत्रनलिका सुजून बंद होऊ नये म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात, तीच डीजे स्टेंट. तिची दोन्ही टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. काम असतं काही आठवड्यांचं. वेळेवर काढली तर दुर्बीण घालून काही मिनिटांत निघते. राहिली तर तिच्यावरच क्षार साचतात, इन्फेक्शन घर करतं आणि मूत्रपिंडही जाऊ शकतं.

एक्स-रे काढून आणायला सांगितला. फिल्म उजेडावर धरली. नळी जागच्या जागी होती. खालच्या आकड्यावर खड्याची पुटं चढलेली, वरचा आकडा तर मूत्रपिंडात पांढरा गोळाच झालेला. काकांना बोटानं दाखवलं. ते म्हणाले, "आत नळी हाय म्हणून कुणी बोललंच न्हाई." मावशी म्हणाल्या, "परत या म्हटलेले. पण दुखायचं थांबलं, अन् भट्टीचा हंगाम लागला."

दोघांचं बोलणं मला खरं वाटलं. सुट्टी मिळते त्या गडबडीत, बिलाच्या रांगेत, कुणीतरी "महिन्यानं दाखवायला या" म्हटलं असणार. पण दुखत नसलेल्या माणसानं मजुरी बुडवून कशासाठी जायचं? शरीरात वस्तू ठेवली आहे आणि ती अमुक तारखेला काढायचीच आहे, हे नीट कळलं असतं तर ते गेले असते. मला राग आला तो त्या ओळीच्या जागेचा. कार्डावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिक्क्याखाली होती, आणि ती वाचून पुढची जबाबदारी घेणारं मधे कुणीच नव्हतं.

काकांकडून त्या हॉस्पिटलला अर्ज लिहून घेतला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपावं लागतं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं. हे पेशंटना माहीत नसतं, म्हणून मी सांगत असतो. ऑपरेशनची टिपणं मिळाली. बेळगावच्या एका यूरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जनना, आधी फोन केला, मग पत्र लिहिलं : नळी कधी आणि कोणत्या बाजूला घातली, कोणती अँटिबायोटिकं झाली, लघवीच्या कल्चरमध्ये कोणते जंतू आले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारी रक्ताची तपासणी) किती, साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. एका पानात बसवलं, सोबत एक्स-रे दिला.

नळी दोन टप्प्यांत निघाली. खालचा भाग दुर्बिणीतून फोडून, वरचा पाठीतून छिद्र करून. चार आठवड्यांनी काही मिनिटांत झालं असतं त्यासाठी काकांनी दोनदा भूल घेतली, हंगाम घालवला. मूत्रपिंड मात्र वाचलं.

कुठलंही डिस्चार्ज कार्ड आलं की मी शेवटचं पान आधी वाचतो. काय राहिलंय? बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय? जुनी कुठली गोळी बंद केली, आणि घरी ती अजून चालूच आहे का? हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कधीपर्यंत? राहिलेलं काम तारखेसह वहीत उतरतं, सोबत मोबाइल नंबर. पेशंटला मराठीत तेवढंच एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून मोठ्यानं वाचून घेतो. दवाखान्यात गर्दी असते, यात वेळ जातो, पण हे काम कंपाउंडरवर सोडण्यासारखं नाही.

स्पेशालिस्ट मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे. निदान आणि ऑपरेशन तुम्ही लिहिताच. त्याच्यावर, सगळ्यात वर, राहिलेलं काम लिहा आणि ते कुणी करायचं तेही लिहा. त्या यूरॉलॉजिस्टनी काकांसोबत पाठवलेल्या पत्रात पहिल्याच ओळीत होतं : "आता आत कुठलीही नळी नाही. तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन तुमच्याकडे करावं. मूत्रपिंडाला सूज दिसली तर लगेच माझ्याकडे पाठवा." ते मी त्याच दिवशी वहीत उतरवलं आणि काकांच्या मुलाचा नंबर पुढे लिहून घेतला.