नव्या घराच्या छपरावर प्लाय चढला!

आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं होतं, सोलापूरच्या उन्हात पण आत गार असायचं, नवीन घरही तसंच गार राहावं म्हणून वरच्या खोलीवर उतरतं लाकडी छप्पर आणि त्यावर कौलं असं आधीच ठरवलेलं. काल वाशांवर प्लाय ठोकायला घेतला. आठ बाय चारचे शीट, १९ एमएमचे, आयएस ७१० या भारतीय मानकाचे, म्हणजे उकळत्या पाण्यात पण थर न सुटणारे. वासे दोन-दोन फुटांवर, त्यामुळं शीटचं टोक बरोबर वाशाच्या मध्यावर येतं. शीट आडवे टाकायचे, वरच्या थराच्या रेषा वाशाला काटकोनात, तरच प्लाय वाकत नाही. आणि सांधे विटांच्या बांधकामासारखे पुढंमागं.

सुतारमामा शीट एकदम चिकटवून बसवत होते, मी थांबवलं, म्हटलं मामा, मध्ये ३ एमएम फट ठेवा, पावसाळ्यात प्लाय फुगला की जागा नको का त्याला? मग प्रत्येक सांध्यात एक खिळा उभा धरून फट मोजली. कडेला सहा इंचावर खिळे, मध्ये फुटाफुटावर. अकरानंतर वर पाय ठेववत नव्हता, म्हणून आज सकाळी सहालाच चढलो. आता वॉटरप्रूफ मेंब्रेन, मग पट्ट्या, मग कौलं. आई खालून दोनदा बघून गेली, खूप खूश आहे!