मला आवडलेली चित्रं, आणि त्यातली काही शाळेनंच दाखवलेली

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा वाटलं, आता सगळे जण छडी, मधली सुट्टी आणि गॅदरिंगवरच लिहिणार, मग म्हटलं आपण चित्रांवर लिहू. गणितात मी कसा होतो ते माझ्या बॅचला माहीतच आहे, पण चित्र बघायचं कसं हे मला शाळेतच कळलं.

शाळेच्या ऑफिसच्या बाहेर एक फ्रेम होती बघा, हातात दिवा घेतलेली बाई आणि ज्योतीला वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. आम्ही सगळे त्याला रविवर्म्याचं चित्र म्हणायचो, अजूनही निम्मा महाराष्ट्र म्हणतो. आमचे ड्रॉइंगचे सर एकदा तिथंच थांबून म्हणाले, रविवर्मा नव्हे, हे सावळाराम हळदणकरांचं आहे, सावंतवाडीचा माणूस, आणि हे ऑइल पेंट नाही तर वॉटरकलर आहे. मग म्हणाले, जवळ जा अन् फक्त बोटं बघ. ज्योतीसमोरची बोटं आतून तांबडी झालेली आहेत, कडेला केशरी आणि मधे गडद, म्हणजे उजेड बोटांवर पडलेला नाही तर बोटांतून आरपार येतोय. त्या काळात लोडशेडिंग म्हणजे रोजचंच, त्यामुळं रात्री घरी मेणबत्तीपुढं हात धरून बघितलं तर खरंच तसंच दिसलं, आणि आई ओरडली की काय बे, हात भाजून घेतोस का. पुढं नोकरीला लागल्यावर गोलगुंबझ एक्सप्रेसनं म्हैसूरला गेलो तेव्हा जगनमोहन पॅलेसमध्ये मूळ चित्र बघितलं. बाकीचा राजवाडा मला फारसा आठवत नाही, सिंहासनं आणि नक्षीची घड्याळं सगळीकडं सारखीच, पण त्या बोटांपुढनं मी हलेना तेव्हा बायको शेवटी बाहेर जाऊन बसली.

आता थोडं घरचं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड, आणि दिवसभर मागाचा खडखडाट, तो थांबला की उलट झोप मोडायची. वडील मागावर, आजी कांड्या भरायची, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. शेजारी एक काका राहायचे, ते चादरीचं डिझाईन काढायचे. मोठ्ठा ग्राफ पेपर, बारीक ब्रश आणि एकच लाल रंग. मोर काढायचा तर तो मोर चौकटी चौकटीनं भरायचा, एक चौकट म्हणजे एका धाग्याची जागा, कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे तिथंच ठरायचं. मग त्यावरनं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीनं शिवून मागाच्या वर जेकॉर्डला, म्हणजे भोकांप्रमाणं धागे उचलणाऱ्या यंत्राला, टांगायची, आणि एकेक कार्ड फिरत गेलं की खाली मोर यायला लागायचा, आधी पाय मग पोट मग मान. चादर उलटी केली की मागच्या बाजूला तोच मोर उलट्या रंगात. एक चौकट चुकली की मोराच्या पिसाऱ्यात दर वेळी तीच चूक, सगळ्या चादरींवर, म्हणून काका चष्मा कपाळावर सरकवून नाक कागदाला लावून बसायचे. त्यांना कुणी चित्रकार म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. माझ्या मते मात्र मी बघितलेला पहिला चित्रकार तोच, एलिमेंटरीच्या परीक्षेला नक्षीकामाच्या पेपरात जे काही जमलं ते त्यांच्याच कृपेनं.

म्हणून व्हॅन गॉगचं विणकराचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वेगळंच काहीतरी झालं. लोकांना त्याची सूर्यफुलं आणि तारे माहिती असतात, कॉफीच्या मगवर पण असतात, पण १८८४ साली तो हॉलंडमध्ये न्यूनेन नावाच्या खेड्यात आईवडिलांकडं राहत होता आणि तिथल्या हातमाग विणकरांच्या घरी जाऊन एकामागून एक चित्रं काढत होता. बटाटे खाणाऱ्यांचं प्रसिद्ध चित्र त्याच्या पुढच्या वर्षीचं. विणकरांच्या या चित्रांत माग एवढा मोठा आणि काळा की अख्खी खोली त्यानंच भरलेली, आणि माणूस मधे कुठंतरी अडकल्यासारखा, कधी तोंड पण नीट दिसत नाही. त्यानं भावाला पत्रात लिहिलंय की एका जुन्या ओक लाकडाच्या मागावर १७३० साल कोरलेलं होतं, आणि मागाशेजारी उंच खुर्चीत एक तान्हं बाळ बसवलेलं असायचं, ते तासन्‌तास आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याकडं बघत राहायचं. आणि हे पण, की नवरा विणतो तेव्हा बायकोनं कांड्या भरून द्यायला लागतात. हे वाचून मी ऑफिसात कॉम्प्युटरपुढं (मी पुण्यात पॅकिंगच्या खोक्यांची डिझाईनं करतो) गप्पच बसलो, कारण ती आमचीच खोली होती, फक्त खुर्चीऐवजी आमच्याकडं साडीची झोळी. काही लोक म्हणतात ही चित्रं फार अंधारी आहेत, रंग नाहीत. अहो मागाच्या खोलीत उजेड असतोच कुठं.

रस्त्यावरची कला म्हटलं की आपल्याकडं आधी आठवतात त्या इलेक्शनच्या भिंती, चुना मारून वर 'बुक' (म्हणजे ही भिंत आमच्या पक्षाची) लिहून ठेवलेल्या, त्यातही अक्षर काढणारा पेंटर भारी असायचा पण त्याचं नाव भिंतीवर कधीच नसायचं. बांद्र्याला एमटीएनएलच्या बिल्डिंगवर दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड मोठं चित्र रंगवलं होतं २०१४ ला, रणजीत दहिया म्हणून चित्रकार आहे त्यानं, आणि हा माणूस सुरुवातीला गावात घरांना रंग द्यायचं काम करायचा. आपल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन पण मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. तेव्हा पेंटर आणि चित्रकार यात जी रेघ मारतात ना लोक, ती मला कधी पटली नाही.

पण खरी रस्त्यावरची कला बघायची तर संक्रांतीला सोलापूरला या. सिद्धेश्वराच्या यात्रेत काठ्या, म्हणजे उंच नंदीध्वज, निघायच्या आधी त्यांच्या मार्गावर पोरंपोरी रात्रभर बसून रांगोळी घालतात, थंडीत, बोटं बधीर झालेली. सकाळी पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि मागं सगळी गर्दी त्याच रांगोळीवरनं जाते, आणि घालणारेच कडेला उभे राहून हात जोडतात. बँक्सी म्हणून एक इंग्लिश चित्रकार आहे, त्याचं फुगा सुटलेल्या मुलीचं चित्र २०१८ मध्ये लंडनला लिलावात विकलं गेलं आणि लगेच त्यानंच फ्रेममध्ये लपवलेल्या मशीननं अर्धं कापलं, सगळं जग हादरलं, आणि २०२१ ला तेच कापलेलं चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांना गेलं. मला बँक्सी आवडतो, खोटं कशाला बोलू, मूळ चित्र लंडनच्या भिंतीवर होतं तेव्हाचं जास्त आवडतं. पण चित्र मोडून जायच्या बाबतीत आमच्या पोरांना त्याच्याकडनं काही शिकायचं नाहीये.

असो, लांबलं. जाता जाता शाळेला एक विनंती. ग्रुपवर मैदानाकडच्या नवीन कंपाउंडचा फोटो आलाय, भिंत कोरी आहे. तिथं कृपा करून पुन्हा सुविचार लिहू नका, आठवी-नववीच्या पोरांच्या ताब्यात द्या आणि त्यांना घरचं कामच काढायला सांगा, माग, विडी, भजीची गाडी, रिक्षा, जे असेल ते. रंगाचा आणि ब्रशचा खर्च माझ्याकडे लागला, फक्त ऑइल पेंट घेऊ नका, आपल्या उन्हात दोन वर्षांत पोपडे येतात, बाहेरच्या भिंतीचा इमल्शनच घ्या आणि आधी प्रायमरचा हात मारा.