लाईट गेली तर मासे कसे जगवायचे : माझा अनुभव

भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची दोन फुटी टाकी, चार गोल्डफिशसकट, बेळगावातल्या वडगावात आमच्या घरी आली. जाताना त्यानं खाणं किती घालायचं ते सांगितलं, पंप दाखवला आणि म्हणाला, "मामा, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले तर लगेच फोन करा."

मार्च संपत आला तसे ते करायला लागलेच. पण फक्त पहाटे. ऊन वर आलं की चौघेही खाली जाऊन मजेत फिरायचे. फोनवर त्यानं कारण सांगितलं: टाकीतल्या वनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडतात, अंधारात मात्र माशांसारख्याच घेतात. त्यामुळं उजाडायच्या सुमारास पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. दिवसभर मासे तसेच वर राहिले असते, तर आधी अमोनियाचा, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषाचा, संशय घ्यावा लागला असता.

त्यात उन्हाळा. थर्मामीटर ३० अंशांवर. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर, इथं हवेचा दाब कमी, म्हणजे तो आकडा सातच्या आसपासच येतो. आपण गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणून मिरवतो; गोल्डफिशला त्या उंचीचा तोटाच! शिवाय पाणी तापलं की माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, ते वेगळंच.

मोठा पंप घ्यावा म्हणून शहापुरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बुडबुडे किती येतात ते बघू नका ओ काका. वरचं पाणी हालतंय काय नाही ते बघा." बुडबुडा तळातून वर यायला क्षणभरच लागतो, तेवढ्यात त्यातला फारसा ऑक्सिजन पाण्यात उतरत नाही. तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून येतो. बुडबुड्यांचं खरं काम खालचं पाणी वर ढकलायचं आणि वरचं हालतं ठेवायचं. पंप न विकता ज्ञान देऊन पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी येऊन वाकून पाहिलं तर पाण्यावर तेलकट साय धरलेली. कोरा टिश्यू पेपर अलगद पसरून उचलला, दोन-चारदा केल्यावर साय गेली. फिल्टरचं तोंड खाली होतं, ते पाण्याच्या पातळीपर्यंत वर घेतलं, तशा लाटा उठायला लागल्या. काचेचं झाकण गच्च बसायचं, त्याच्या चारी कोपऱ्यांखाली कपड्यांचे चिमटे लावून फट ठेवली. दुपारी टेबल फॅनचा वारा तिरका पाण्यावर सोडला की तापमान दोनेक अंश उतरायचं. पाणी मात्र भराभर आटतं, क्लोरीन उडालेलं साठवणीचं पाणी रोज घालावं लागतं. चार गोल्डफिश त्या टाकीला जास्तच होते, म्हणून दोन खानापूरच्या मेहुण्यांच्या अंगणातल्या मोठ्या सिमेंटच्या हौदात सोडले. पहाटेची उघडझाप थांबली.

खरी परीक्षा वळवाची. वारा सुटला की लाईट जाणार हे ठरलेलं. आमच्या गल्लीत ते कुणी सांगावं लागत नाही, यंत्रमागांचा खडखडाट एकदम बंद पडतो. पंप बंद पडला की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं. म्हणून पंप टाकीपेक्षा उंच फळीवर ठेवला आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवला. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण ती बसवल्याशिवाय पंप लावूच नये. मग वायरमनकडून पंप आणि फिल्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतले. छोटा एअर पंप तीन-चार वॅटचा, बॅटरीला त्याचं ओझं वाटतच नाही. फिल्टर चालू राहणंही तितकंच गरजेचं, कारण त्याच्या स्पंजमधले उपयोगी जिवाणू ऑक्सिजनवरच जगतात. फिल्टर बरेच तास बंद राहिला, तर टाकीतलंच पाणी मगात काढून त्यात स्पंज पिळून घ्यायचा, मगच चालू करायचा.

इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा पंप मिळतो. तोही नसेल तर मगानं टाकीतलं पाणी घेऊन वीतभर उंचावरून परत ओतायचं, थोड्या थोड्या वेळानं. लाईट येईपर्यंत खाणं घालायचं नाही. पचवायलाही ऑक्सिजन लागतो आणि उरलेलं खाणं कुजतानाही तो खातं. फायटर किंवा गौरामी जातीचे मासे पाळणाऱ्यांना एवढी धावपळ नाही, ते मासे वर येऊन थेट हवा घेतात.

पुढं पावसाळ्यात एकाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. त्या आजारात हीटर लावून पाणी थोडं गरम करतात आणि औषध घालतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, काही औषधांनी तो आणखी घटतो. म्हणून दुकानदारानं औषध देतानाच बजावलं, कोर्स संपेपर्यंत पंप रात्रंदिवस चालू ठेवा. तसा ठेवला. दोन्ही मासे आहेत.