मुंबई ते न्यूअर्क : आईच्या गोळ्यांचे वेळापत्रक

2020 च्या जानेवारीत 78 वर्षांच्या आईला घेऊन मी नाशिकहून न्यूजर्सीतील एडिसनला, धाकट्या बहिणीकडे गेलो. आईला दर बारा तासांनी, सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता, एक गोळी घ्यावी लागे आणि ती चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यामुळे प्रवास नेमका किती तासांचा आहे, हे मला आधीच पक्के ठरवायचे होते.

तिकिटावर मुंबईहून रात्री 1.30 ला सुटणारे विमान त्याच दिवशी सकाळी 6.50 ला न्यूअर्कला उतरेल, असे छापलेले होते. या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. हिवाळ्यात न्यूजर्सीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. म्हणजे वरवर दिसणाऱ्या 5 तास 20 मिनिटांत साडेदहा तास मिळवले, की खरा प्रवास 15 तास 50 मिनिटांचा निघतो. (उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे.)

तरीही मला अंतरावरून पडताळा घ्यावासा वाटला. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हा मार्ग सरळ पश्चिमेकडे, अरबस्तान आणि अटलांटिकवरून जाईलसे वाटते. पण पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तेव्हा तो उत्तरेकडे चढून नॉर्वे आणि आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. ताशी 900 किलोमीटरने ते चौदा तासांच्या आतच संपायला हवे. उरलेला वेळ जातो तो धावपट्टीपर्यंतच्या चालीत, हवाई हद्दींमुळे घ्याव्या लागणाऱ्या वळशांत आणि मुख्यतः पश्चिमेकडून वाहणाऱ्या जेट स्ट्रीम वाऱ्यांना तोंड देण्यात. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरदार असतात.

"मग सकाळ कुठली धरायची, इथली की तिथली?" आईने विचारले. डॉक्टरांनी उत्तर दिले, की मनगटावरचे घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू द्या. आपले सकाळचे आठ म्हणजे तिकडचे आदल्या रात्रीचे साडेनऊ, आणि आपले रात्रीचे आठ म्हणजे तिकडचे सकाळचे साडेनऊ. अंतर बारा तासांचेच राहत असल्यामुळे एडिसनमध्येही तिला साडेनऊच्या दोन वेळा पुरेशा होत्या.

नाशिकचे घर आम्ही संध्याकाळी पाचला सोडले. सकाळी आठची गोळी विमानात झाली. इमिग्रेशन आणि सामानात दोन तास गेले, आणि बहिणीच्या दारात पोहोचलो तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ होत होते. दारापासून दारापर्यंत सत्तावीस तास. आईने चपला काढण्याआधी पाणी मागितले आणि गोळी घेतली.

परतीचे विमान रात्री 9 ला सुटून दुसऱ्या दिवशी रात्री 9.40 ला मुंबईत उतरणार होते. वारे आता पाठीमागून होते, म्हणून प्रवास 14 तास 10 मिनिटांचाच होता. एक गोळी सुटल्यावर अर्ध्या तासाने आणि दुसरी उतरण्यापूर्वी, अशा दोन्ही मी पर्समध्ये वेगळ्या बांधून ठेवल्या.