विहीर चादरीची, बुलेट खुर्च्यांची

नाटक बघायला पुण्याहून सोलापूरला चाललोय म्हटल्यावर घरचे माझ्याकडे बघतच राहिले. पण मावसभावाने आठवडाभर डोकं खाल्लं होतं. "‘सैराट’चं विडंबन हाय. गाणी समदी जुनी, नवीन एक पण नाही. पुण्यात प्रयोग झाला तरी तुम्हाला कळणार नाही, इथंच ये की बे." पुण्यात का कळणार नाही, हे मला मध्यंतरानंतर उमगलं.

आधी गाडीचं. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत फिरते, म्हणजे ती सोलापूरकरांच्या सोयीची. आपल्याला नाटकाला जायचं असेल तर सकाळी पुण्याहून सुटणारी दुसरी गाडी बघावी. भिगवण सोडलं की उजनीचं पाणी दिसायला लागतं आणि पाठोपाठ जेऊर येतं, नागराज मंजुळे यांचं गाव. ‘सैराट’ (२९ एप्रिल २०१६) बराचसा याच करमाळा तालुक्यात चित्रित झाला. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, तेही याच जिल्ह्यातलं. म्हणजे विडंबन बघायला जाताना मूळ सिनेमाच्या गावावरून जायला मिळतं. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका.

प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार सोलापूरकरांच्या आठवणीतून शहरातल्या कितीतरी ठिकाणांना ‘हुतात्मा’ चिकटलंय. त्यामुळे रिक्षावाल्याला नुसतं ‘हुतात्मा’ म्हणू नका. मी म्हटलं, आणि त्याने मला चौकात सोडलं. ‘स्मृती मंदिर, पार्क चौकाजवळ’ असं पूर्ण सांगा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा.

संस्था हौशी. दिवसा बँकेत, शाळेत, मागावर काम करणारी मंडळी. नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक सोलापुरी चादर. या तिघांवर पूर्ण ‘सैराट’ उभा केला. सिनेमासारखीच सुरुवात क्रिकेटच्या सामन्याने. सामन्याचं धावतं वर्णन करणारा समालोचक हाच इथला सूत्रधार. पुढे प्रेमप्रकरणाचंही तो त्याच सुरात वर्णन करत राहतो. नायकाने नायिकेकडे पाहिलं की "चेंडू हवेत... झेल घेणार का... घेणार का..." आणि नायिका तोंड फिरवून गेली की "सुटला!" दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या की बुलेट. विंगेतला एक पोरगा तोंडाने धडधड काढायचा आणि मध्येच खोकला आला की बुलेट बंद पडायची. पहिल्यांदा तो खोकला खरा होता. प्रेक्षक हसले, मग त्याने तो तीनदा केला.

विहिरीची गंमत तर सांगितलीच पाहिजे. चौघांनी चादरीची चार टोकं धरून ती कमरेएवढी ताणली आणि हलवत राहिले. वर मोराची नक्षी, त्यामुळे पाण्यात मोर. नायकाने उडी मारली तसे चौघे खाली बसले, चादर त्याच्या अंगावर आली आणि तो तिच्यात गुंडाळूनच पुढचं गाणं गायला: अरुण दातेंचं एक हळवं भावगीत, ओलेत्याने कुडकुडत. मूळ सिनेमातली अजय-अतुलची गाणी यांनी मुद्दाम घेतली नाहीत. त्याऐवजी ‘पिंजरा’मधली लावणी, दादा कोंडक्यांच्या सिनेमातली द्व्यर्थी गाणी, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राची हमखास गाणी. शब्द तेच, प्रसंग भलताच.

परदेशात याला ज्यूकबॉक्स म्युझिकल म्हणतात. लंडनला १९९९ साली आलेलं ‘मामा मिया!’ ॲबा या स्वीडिश गटाच्या गाण्यांवर बेतलेलं होतं. पण लोकांच्या ओठांवरच्या चाली उचलून नाटक उभं करणं आपल्याला काही परकं नाही. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आलं ते त्या काळी प्रचलित असलेल्या चालींवर. जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात पदावर ‘चाल:’ म्हणून लिहिलेलं असतं, ते याचसाठी.

पहिल्या अंकात नायिकेचा कॉलर माइक दोनदा गेला. भाड्याने आणलेला होता म्हणे. मागून "ए माइकवाले!" असा आरडाओरडा झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते. आणि शक्यतो पहिल्या आठ-दहा रांगांतलंच तिकीट घ्या. हौशी प्रयोगात माइकवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

मध्यंतरानंतर जोडपं पळून हैदराबादला जातं. मला वाटलं, आता भाषेचे नेहमीचे विनोद. नायक तहानेने व्याकूळ, दुकानदाराला हातवारे करून पाणी मागतोय, दुकानदार त्याला कधी खराटा देतोय, कधी नारळ. आणि अर्धं सभागृह ओरडायला लागलं, "नीळ्ळू! नीळ्ळू!" नायक थांबला, प्रेक्षकांकडे वळला आणि म्हणाला, "हैदराबादला आलोय का पूर्व भागात?" छप्पर उडायचं बाकी होतं. माझ्या शेजारच्या आजी डोळे पुसत हसत होत्या. मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "पूर्व भाग म्हंजे आमचे पद्मशाली लोक बे, घरात तेलुगूच बोलतात. चादरी कोण विणतं मग?" त्यानंतर पंधरा मिनिटं रंगमंचावरचा दुकानदार आणि आमच्या रांगेतल्या आजी यांच्यात तेलुगूत जी काही जुगलबंदी झाली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मध्येच आजींना माझी दया आली. "बाळा, तो म्हणतो भाडं वाढलंय. मी म्हटलं, आमच्याकडं ये राहायला." मराठी नायक परमुलखात बावचळतो, हा मूळ प्रसंग, इथे बावचळलेला मी एकटाच.

एक गोष्ट त्यांना मानली. नायकाच्या घरावर, जातीवर, गरिबीवर एकही विनोद नाही. सगळी टर उडवली ती पाटलाच्या फ्लेक्सची, वाढदिवसाच्या तलवारींची आणि नात्यातल्या आत्यांची. तरी मला धास्ती होती ती शेवटाची. ‘सैराट’चा शेवट ज्याने पाहिलाय त्याला ती कळेल. त्याचं विडंबन करणार कसं?

शेवटी सगळे मिळून ऑर्केस्ट्रातलं एक नाचाचं गाणं घेतात. लोक उभे राहून टाळ्या देत होते. आणि ऐन भरात आवाज बंद. मागून पुन्हा तेच, "ए माइकवाले!" दोघे-तिघे हसले. रंगमंचावर कोणीच नव्हतं. बुलेटच्या दोन खुर्च्या फक्त, त्यातली एक आडवी. आणि चादर, यावेळी जमिनीवर पसरलेली, काहीतरी झाकल्यासारखी. हसणारे गप्प झाले. ओरडणारा माणूस खाली बसला. आजींनी पदर तोंडाला लावला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना, आणि समालोचक, इतका वेळ एक क्षण न थांबलेला, कोपऱ्यात नुसता माइक धरून उभा.

दुर्दैवाने त्यानंतर त्यानेच प्रायोजकांची यादी वाचली. दोन मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं!

प्रयोग संपायला सव्वादहा झाले. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस साडेदहाच्या सुमारास सुटते, पण त्या भरवशावर राहू नका. माझी चुकली असती, पण मी मुक्कामीच होतो. लॉजवर उतरणार असाल तर गरम पाण्याची वेळ विचारून घ्या, मला विचारायचं सुचलं नाही. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा खोली आधी ठरवल्याशिवाय येऊ नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी बाहेर पडायची हौस नको. सकाळी मात्र तलावातलं सिद्धेश्वर मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला चालत बघून होतो.

निघताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेतली. चटणी तेलकट आणि दाबली की गोळा होणारी बघून घ्या, कोरडी भुकटी घेऊ नका. भाकरी महिनाभर टिकते असं दुकानदार सांगतो ते खरं, पण बॅगेत कपड्यांखाली ठेवू नका. माझ्या डझनातल्या चारच पुण्यापर्यंत अख्ख्या आल्या. उरलेल्यांचा चुरा आईने आमटीत घातला.